‘बंदरकाठ’चा शेवटचा भाग

पाऊस आडवा येत होता. ऑकलंडला जूनमध्ये तो असाच येतो, छत्रीला न जुमानता. नायरीनं छत्री उघडलीच नाही. दिवसभर शहरातल्या बैठकीच्या कोंदट खोलीत बसून चार जणांनी तिच्या डोक्याचा भुगा केला होता, आणि आता भिजायचं की नाही हे ठरवण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. हेंडरसनला ट्रेनमधून उतरल्यावर कोपऱ्यावरचं मासे-चिप्सचं दुकान दिसलं. आत पिवळा उजेड, तळणाचा वास... ती आत शिरली, एक मासा आणि रताळ्याच्या चिप्स सांगितल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

सात वाजले, तसा दुकानातला टीव्ही ओळखीचं संगीत वाजवायला लागला. ‘बंदरकाठ’. नायरीनं डोळे न उघडताच कपाळावर आठ्या घातल्या. गेली अकरा वर्षं ती या मालिकेचे प्रसंग लिहीत होती, आणि घरी कधीच ती बघत नव्हती. पण मासा अजून तेलात होता. जाणार कुठे?

पडद्यावर पॉला दारात उभी होती. समोर स्कॉट, पावसात, खांद्याला बॅग. दुकानाची मालकीण हातातला झारा तसाच धरून बघत राहिली. नायरीचे ओठ नकळत हलायला लागले. हा प्रसंग तिचा होता. आता पॉला म्हणणार होती, ‘मी काही तुझी वाट बघत नव्हते. दार लावायचं राहून गेलं, एवढंच.’ या एका वाक्यासाठी नायरीनं अख्खा रविवार घातला होता.

पॉलानं स्कॉटकडे बघितलं. काही बोलली नाही. नुसती दारातून थोडी बाजूला सरकली... आणि जाहिरात लागली.

“कापलं!” नायरी मोठ्यानं म्हणाली. “मेल्यानं परत कापलं!”

शेजारी उभा असलेला माणूस दचकला. उंच, रुंद खांद्यांचा, ओल्या जॅकेटमधून पाणी ठिबकत असलेला. “कुणी काय कापलं?”

“वाक्य! तिथं वाक्य होतं. चांगलं वाक्य होतं.” ती एवढी दमली होती, की अनोळखी माणसाशी भांडायलाही तिला काही वाटलं नाही. “तिकडे एक संकलक बसलाय. माझ्या प्रत्येक प्रसंगाचं शेवटचं वाक्य खातो. शब्दांची ॲलर्जी आहे त्याला.”

“कदाचित... त्याला वाटलं असेल, ती बाजूला सरकली तेव्हाच बोलून झालं सगळं.”

“हो का? तुम्ही त्याचे वकील?”

“नाही.” तो खाली बघून हसला. पापण्यांवर अजून पावसाचे थेंब होते. “तो मेला म्हणजे... मीच.”

मालकीण आधी हसली. मग दुकानातले बाकीचे. नायरीला मात्र कुठे बघावं कळेना.

“फेतू,” तो म्हणाला. “आणि तुम्ही नायरी. पाच वर्षं ओळखतो मी तुम्हाला, वाक्यांवरून.”

“आणि ओळखीच्या माणसाचा असा गळा कापता?”

“ओळखीचा आहे म्हणूनच. तुमचं शेवटून दुसरं वाक्य नेहमी शेवटच्यापेक्षा चांगलं असतं. मग शेवटचं कशाला?”

तिला राग यायला हवा होता. आलाही, पण अर्धाच. आपलं लिहिलेलं कुणी इतकं बारकाईनं वाचतं, हे तिच्या गावीही नव्हतं. फेतूचा कागदाचा पुडा आधी आला. त्यानं तो उघडून तिच्यापुढे धरला. वाफ दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“घ्या. कापलेल्या वाक्याबद्दल.”

“एका चिपवर भागवताय?”

“पाच वर्षांची वाक्यं आहेत... दोन घ्या.”

तिनं मूठभर घेतल्या.

*

मालिका ऑगस्टमध्ये बंद होणार होती. हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, त्यामुळे कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. लोक एकेक करून दुसरीकडे नोकऱ्या बघत होते, केकचे निरोप-समारंभ होत होते, आणि शेवटचा तासाभराचा भाग नायरीच्या गळ्यात पडला होता.

“लग्न हवं,” निर्माती हिलरी म्हणाली होती. “पॉला आणि स्कॉटचं. मोठं, समुद्रावर, सगळं गाव हजर. प्रेक्षकांना समाधान वाटलं पाहिजे.”

समाधान म्हणजे नेमकं काय, हे हिलरीनं सांगितलं नाही. नायरीनंही विचारलं नाही. तिनं लग्न लिहायला घेतलं. आजवर तिनं किती लग्नं लावली, किती मोडली याचा हिशेब तिलाही नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन ती दिवा न लावता सोफ्यावर बसायची. तिचा स्वतःचा माणूस निघून गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर आता तिला दुःखही होत नव्हतं. नुसता कंटाळा यायचा. पायातले बूट काढायचासुद्धा.

हेंडरसनच्या स्टुडिओत, मागच्या बाजूला, फेतूची खोली होती. ती तिथं जायला लागली ती — असं ती स्वतःला सांगायची — फक्त भांडायला. जाताना दोन कॉफ्या न्यायची, हे वेगळं.

“हे बघ...” एकदा तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला आणि गडबडला. “म्हणजे, बघा —”

“‘बघ’ चालेल,” ती कॉफीत बघत म्हणाली.

मग त्यानं आवाज बंद केला. पडद्यावर स्कॉट ओठ हलवत होता आणि पॉला ऐकत होती. फेतूनं स्कॉटला काढून टाकलं. आता नुसती पॉला होती. तिच्या हनुवटीला बारीकसा कंप.

“माणसं बोलणाऱ्याकडे बघून रडत नाहीत,” तो म्हणाला. “ऐकणाऱ्याकडे बघून रडतात.”

“ऐकायला आधी काहीतरी असावं लागतं ना पण!”

“तेवढ्यासाठीच तर तुला ठेवलंय.”

“मला कुणी ठेवलेलं नाही. ऑगस्टनंतर मी बेकार आहे.”

“मी पण.” त्यानं खुर्ची वळवली. “म्हणजे... बेकार नाही. ब्रिस्बेनला काम मिळालंय मला. सप्टेंबरपासून.”

“अरे वा,” नायरी म्हणाली. कॉफी अजून अर्धी होती, पण तिनं कप ठेवून दिला. “घरचे खूश असतील.”

“आईला अजून सांगितलं नाहीये.”

“का?”

“सांगेन. वेळ बघून.” त्यानं पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. स्वतःचा चेहरा बघू द्यायचा नसला की तो असंच करतो, हे तिच्या लक्षात आलं. आणि आपण हे लक्षात ठेवायला लागलोय, हेही.

*

लग्नाचं शूटिंग झालं. ऊन पडलं, वारा पडला, लग्नासाठी आणलेला घोडासुद्धा नीट वागला. फेतूनं कच्चा भाग जुळवला आणि दोघांनी शेजारी बसून बघितला. सगळं जागच्या जागी होतं. संगीत सुरू झालं, पॉला हसली, स्कॉटचे डोळे पाणावले.

“कसं वाटलं?” फेतूनं विचारलं.

“भूक लागली,” नायरी म्हणाली. मग तिनं कपाळ टेबलावर टेकलं. “मेलेलं आहे रे हे. सगळं बरोबर आहे आणि काही म्हणजे काही होत नाहीये. मला नाही कळत आता. अकरा वर्षांनी मला कळत नाही, की माणसं हे का बघतात.”

तिच्या कपाळाखाली टेबल गार होतं. मग त्याचा हात तिच्या पाठीवर आला, हलकाच, कोट नीट करावा तसा... आणि लगेच गेला.

“रविवारी आईकडे चल,” तो म्हणाला. “हिलरीला विचारून हा भाग घेऊन जाऊ. जे बघतात, त्यांनाच विचारू.”

मांगेरेला, फेतूच्या आईच्या घरात रविवारी चर्चनंतर पाय ठेवायला जागा नसायची. पांढरे कपडे, गवताच्या टोप्या, मुलांची पळापळ. लांब टेबलावर उकडलेल्या अळकुड्यांचा ढीग, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, शेवयांचं पातेलं, भाजलेलं डुक्कर. फेतूची आई, सेफिना, टेबलाच्या टोकाला सेनापतीसारखी बसली होती. तिच्या दोन बहिणी, आंटी पेले आणि आंटी सिना, नायरीकडे डोक्यापासून पायापर्यंत बघून घेत होत्या.

“ही कोण रे?”

“ही ‘बंदरकाठ’ लिहिते, आंटी.”

“ही?” आंटी पेलेनं चमचा खाली ठेवला. “बरं झालं सापडली. काय गं, त्या स्कॉटला परत पहिल्या बायकोकडे पाठवायची काय गरज होती? मी आठवडाभर जेवले नाही.”

“कधी जेवली नाहीस तू?” आंटी सिना म्हणाली. “खोटं बोलू नकोस, आत्ता चर्चमधून आलीस.”

“आधी तिला वाढा,” सेफिना म्हणाली. “काय वाळलीये पोर. लिहून लिहून अशी होतात का माणसं?”

नायरीच्या ताटात कुणीतरी डोंगर रचला. जेवण झालं, मुलांना बाहेर हाकललं आणि फेतूनं टीव्हीला भाग जोडला.

बायका बघायला लागल्या, म्हणजे बोलायला लागल्या. पॉलाचा झगा खांद्यावर ढगळ होता. फुलं बरी होती, पण चर्चमधल्या लेउतूच्या मुलीच्या लग्नात याहून जास्त होती. स्कॉट वाईट नाही, पण जाड झालाय. ऐन शपथेच्या वेळी आंटी पेलेनं कुणाला तरी चहा ठेवायला सांगितलं. नायरी सोफ्यात खाली खाली जात होती.

मग ग्वेन आली. बंदरावर कॅफे चालवणारी म्हातारी ग्वेन, लग्नाच्या गडबडीतून आत स्वयंपाकघरात जाते. बाहेरून गाण्याचा आवाज येतोय. ती फोन उचलते, आकडे दाबायला लागते... थांबते. फोन ठेवते. केकचा ट्रे उचलून बाहेर जाते. नायरीनं हा तुकडा का लिहिला होता? ग्वेनला लग्नाच्या गर्दीतून आत न्यायचं होतं, दुसरं काही नाही.

खोलीतली बडबड थांबली होती.

“थांबव ते,” सेफिना म्हणाली. फेतूनं थांबवलं. “कुणाला लावत होती फोन?”

“डॅनीला,” नायरी म्हणाली. “तिच्या मुलाला.”

“ते माहीत आहे मला. मग लावला का नाही?”

पुढे केक कापायचा होता, असं कसं सांगणार?

“किती वर्षं झाली त्या पोराला जाऊन!” सेफिनाचा आवाज चढला. “रोज सात वाजता मी इथं बसते. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाला अपघात. बघते मी सगळं. पण मनात एकच, आज तरी येतोय का तो. आणि तू मला केक दाखवतेस?”

“रडू नकोस, सेफिना,” आंटी सिना म्हणाली.

“कोण रडतंय? कांदा होता त्या शेवयांत.” तिनं पदराच्या टोकाशी खेळावं तसा झग्याचा काठ बोटांत गुंडाळला. “तो डॅनी जाताना आईला सांगून गेला होता का गं?”

“नाही. पहाटे निघून गेला.”

“माझा मोठाही असाच गेला. पर्थला. खाणीत काम मिळालं म्हणे. विमान तिकडे उतरल्यावर फोन.” सेफिना पडद्यावरच्या थांबलेल्या ग्वेनकडे बघत होती. “सांगितलं असतं तर मी काय अडवलं असतं? डबा दिला असता बांधून.”

नायरी सेफिनाकडे बघत नव्हती. ती फेतूकडे बघत होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात रिमोट, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला अकरा वर्षांत एकदाही लिहिता आलं नव्हतं.

परत जाताना गाडी फेतू चालवत होता.

“आईला आज सांगायला हवं होतं मी,” सिग्नलला गाडी थांबवत तो म्हणाला.

“हो. पण मी कोण सांगणारी...”

“तू कोण ते मला अजून — म्हणजे, कळलंय. म्हणून तर जाणं अवघड —”

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

*

“नाही,” हिलरी म्हणाली. “लोकांना आनंदी शेवट हवा असतो. रडारड नको.”

“आनंदी-दुःखीचा प्रश्नच नाहीये.” नायरी उभ्याउभ्याच बोलत होती. बसली तर उठता येणार नाही, अशी तिला भीती होती. “त्यांनी इतकी वर्षं एक गोष्ट जपून ठेवलीये, हिलरी. आपण विसरलो, ते नाही विसरले. ती आपण त्यांच्या हातातून घ्यायला हवी. लग्न राहू दे. पण डॅनी न येता आपण निघून गेलो, तर ती माणसं तशीच बसून राहतील, दाराकडे बघत.”

हिलरीनं चष्मा काढून डोळे चोळले. तीही दमलीच होती. “शूटिंगला एक सकाळ देते,” ती म्हणाली. “त्यात होईल तेवढं कर.”

डॅनीचं काम करणारा नट आता टौरंगाला घरं विकत होता. फोनवर तो नुसता हसला, पण ठरल्या दिवशी उजाडायच्या आत स्टुडिओत हजर झाला. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं. मेकअपवाली विग घेऊन आली तेव्हा नायरीनंच तिला परत पाठवलं.

तिनं दीड पान संवाद लिहिले होते. माफी, खुलासा, इतकी वर्षं कुठे होतो, सगळं. शूटिंगच्या आदल्या दिवशी ते वाचताना तिला सेफिनाचा डबा आठवला. तिनं सगळं खोडलं. डॅनी मागच्या दारात येऊन उभा राहतो. ग्वेन वळते. बघते. त्या टकलाकडे, त्या पोटाकडे, त्या बुटांकडे. आणि विचारते, “काही खाल्लंस का?” बस्. मग ती ताट वाढायला घेते.

ग्वेनचं काम करणारी मार्जरी सत्तरीची होती, गुडघे दुखायचे. तिनं एकदाच केला तो प्रसंग. वाढताना तिचा डाव ताटावर खडखडत राहिला, आणि तो खडखडाट कुणी तिला शिकवला नव्हता.

फेतूनं तो जुळवला, तेव्हा त्यानं त्यातला एकही शब्द कापला नाही. चित्र मात्र डॅनीच्या चेहऱ्यावरून हलू दिलं नाही. मार्जरीचे नुसते हात दिसत होते, आणि वाढणाऱ्या आईकडे बघणारा तो टकला माणूस. नायरीनं नाक पुसलं. फेतूनं पडदा बंद केला, जॅकेट उचललं.

“आईकडे जाऊन येतो,” तो म्हणाला.

सेफिना दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बॅगेत खारवलेल्या मांसाचे डबे भरायला लागली.

“आई, ब्रिस्बेनला काय दुष्काळ पडलाय का?”

“तू गप्प बस,” ती म्हणाली.

*

शेवटचा भाग लागला, त्या संध्याकाळी मांगेरेच्या घरात रविवारपेक्षाही गर्दी होती. डॅनी दारात आला तेव्हा आंटी पेले किंचाळली. नावं संपली, संगीत संपलं, बातम्या सुरू झाल्या, तरी कुणी उठलं नाही. आंटी सिना डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि म्हणत होती, “झालं बाई. आता झालं.”

सेफिना उठली, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून बोलण्याचा आवाज यायला लागला. थांबत, अडखळत, पण येत राहिला.

स्वयंपाकघरात नायरी भांडी घासत होती आणि फेतू पुसत होता. बाहेर पाऊस नव्हता. नुसती गार, स्वच्छ हवा खिडकीतून येत होती.

“विमानतळावर मी येणार नाहीये,” नायरी म्हणाली.

“बरं.”

“विचार तरी, का म्हणून.”

“का?”

“खूपदा लिहिलाय तो प्रसंग. ती पळत येते, हाक मारते, तो वळतो. गाडी लावायला जागा कशी मिळाली, हे कुणी विचारत नाही.”

तो हसला. ती मात्र हसली नाही. तिनं एकच थाळी तिसऱ्यांदा घासायला घेतली.

“मला जे बोलायचंय ना... माझ्याकडे शब्द नाहीयेत, फेतू. म्हणजे आहेत. पण सगळे वापरलेले. एकदा मी एकाला म्हटलं होतं, मनापासून, तर तो म्हणाला, हे कुठल्या भागातलं? तेव्हापासून...” पाणी वाहत होतं. “तेव्हापासून मी फक्त दुसऱ्यांसाठी लिहिते.”

फेतूनं नळ बंद केला. फडकं खांद्यावर टाकलं.

“मला सगळे भाग पाठ आहेत,” तो म्हणाला. “जुनं असेल तर मला लगेच कळेल. बोल तू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हाताला साबण होता, एक बट डोळ्यांवर आली होती, आणि ती बाजूला करायलाही हात मोकळा नव्हता. त्यानं ती बोटानं मागे सारली. बोट कानाशीच थांबलं.

“तू गेलास की मला बरं नाही वाटणार,” ती म्हणाली. “अजिबात. आणि... मी दमलेय रे. खूप वर्षांची दमलेय. सगळ्यांसमोर मला ताठ बसावं लागतं. तू असलास की... दमलेलं असलं तरी चालतं. एवढंच. हे काही धड वाक्यही नाही.”

ती त्याचा चेहरा बघत होती. तो ऐकत होता, अजूनही, तिचं बोलून झाल्यावरही. मग त्यानं तिचे दोन्ही साबणाचे हात आपल्या हातांत घेतले.

“हे कधी ऐकलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. आणि मग, “ये ना तिकडे. माझ्याकडे ये.”

“येईन...” ती म्हणाली, आणि त्याच दमात तिला जांभई आली, आवरेना अशी, मोठी. ती हसायला लागली. “पण आधी मी झोपणार आहे. महिनाभर तरी. खरंच सांगते, मला दुसरं काहीही करायचं नाहीये.”

“झोप की,” फेतू म्हणाला. तिचं डोकं त्याच्या खांद्याला, त्या ओल्या फडक्याला टेकलं होतं. “तिकडंही झोपता येतं.”